चिठ्ठीवरचे नाव
पारलिंगी रुग्ण आणि आपली शुश्रूषा

आपल्यापैकी ज्यांनी रुग्णालयात चार रात्री काढल्या आहेत, त्यांना तिथली सकाळ आठवत असेल. उजाडण्याआधीच दिवे लागतात, सिस्टर काखेत थर्मामीटर ठेवते, आया बेडपॅन घेऊन येते आणि अंग पुसण्यासाठी अंगावरची चादर बाजूला होते. जन्मभर ज्या देहाची आपण झाकपाक केली, तो देह त्या क्षणी परक्या हातांच्या स्वाधीन करावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी आजी-आजोबांनी मला सांगितले आहे, की टाके पडल्याचे दुःख ते विसरले, पण ती चादर सरकल्याचा संकोच विसरले नाहीत.

आता अशी कल्पना करा, की चादर बाजूला होताच समोरची व्यक्ती दचकते. काम तसेच टाकून ती दारापाशी जाते, दुसऱ्या कुणाला तरी बोलावून आणते आणि दोघी मिळून पाहतात. पारलिंगी रुग्णांशी शुश्रूषेविषयी बोलू लागलो, की हा प्रसंग या ना त्या रूपात समोर येतो. आजचा लेख त्यांच्या या अनुभवाविषयी आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगा किंवा मुलगी अशी झाली, परंतु ज्यांची स्वतःविषयीची जाणीव त्या नोंदीशी जुळत नाही, अशा व्यक्तींना पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. सरकारी कागदपत्रांत ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरातील ४ लाख ८७ हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली. त्यांपैकी सुमारे ४१ हजार महाराष्ट्रातील होत्या. हा मानसिक आजार नव्हे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतून तो मानसिक विकारांच्या यादीबाहेर काढण्यात आला आहे. आणि आपल्याप्रमाणेच याही माणसांना म्हातारपण येते, मधुमेह होतो, गुडघे धरतात, लघवी अडते.

आधी पडदा

गोष्ट १९९४ सालची. मी एका शासकीय रुग्णालयात इंटर्न होतो. पुरुषांच्या शस्त्रक्रिया विभागात पहाटे एक रुग्ण दाखल झाला होता. अंगावर साडी, हातात हिरव्या बांगड्या, लघवी तुंबल्यामुळे पोट टणक झालेले. केसपेपरवर पुरुषाचे नाव होते, म्हणून खाट पुरुषांच्या विभागात मिळाली होती. आम्ही पाच-सहा जण खाटेभोवती उभे राहिलो. चादर वर झाली. शेजारच्या खाटांवरचे रुग्ण उठून बसले. रजिस्ट्रारने दोनदा कॅथेटर घालण्याचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा नळी अडली आणि रक्त आले. मीही इतरांसारखाच पाहत उभा होतो. त्या रुग्णाचा चेहरा आज मला आठवत नाही, याची मला लाज वाटते.

तेवढ्यात त्या विभागाच्या सिस्टर चाकांचा पडदा ढकलत आल्या. निवृत्तीला एखादे वर्ष उरलेले असावे. त्यांनी पडदा खाटेला लावला आणि शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, आधी पडदा, मग तपासणी.” मग रुग्णाच्या उशाशी वाकून त्यांनी विचारले, “तुम्हांला काय म्हणून हाक मारू?” नाव कळल्यावर त्याच नावाने त्यांनी पुढचा प्रश्न केला, “पूर्वी कधी नळी घातली होती का?” उत्तर आले, की बऱ्याच वर्षांपूर्वी एका दाईच्या हातून अवयव काढण्याची क्रिया झाली होती, तेव्हापासून मूत्रमार्ग अरुंद आहे आणि मागच्या खेपेला बारीक नळी वापरावी लागली होती. बारीक नळी मागवली. ती सहज गेली.

आमच्या हाती पुस्तके होती, हुद्दा होता. उपचाराला हवी असलेली माहिती मात्र रुग्णापाशी होती आणि ती विचारण्याचे त्या सिस्टरखेरीज कुणाला सुचले नाही. वाटले असते, की एवढे पाहिल्यावर मी आयुष्यभरासाठी शहाणा झालो असेन. तसे घडले नाही.

अक्कांचा पाय

पुढे मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावात दवाखाना थाटला. आमच्या भागात यल्लम्मादेवीला वाहिलेले जोगते आहेत. त्यांतील काही जण साडी नेसतात, डोक्यावर देवीचा जग घेऊन जोगवा मागतात, सौंदत्तीच्या यात्रेला जातात. अशाच एक जण गेली कित्येक वर्षे मधुमेहासाठी माझ्याकडे येत. गाव त्यांना अक्का म्हणे. मीही तेच म्हणत असे. सुमारे दहा वर्षांपूर्वी यात्रेहून परतल्यावर त्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला. मधुमेहामुळे पावलाची संवेदना गेलेली, त्यामुळे दुखत नव्हते. जखम पाहून मी शहरातील मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली आणि उद्याच जायला बजावले.

तीन आठवड्यांनी त्यांच्या शिष्येने त्यांना रिक्षातून आणले. दोन बोटे काळी पडली होती. दुर्गंधी बाहेरच्या बाकापर्यंत येत होती. मी रागावलो. गेल्या का नाही, असे जोरात विचारले. अक्कांनी कमरेच्या पिशवीतून माझीच चिठ्ठी काढली. घडी मोडलेली नव्हती.

“चिठ्ठीवर तुम्ही जुनं नाव घातलंसा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “तितं त्ये नाव वरडून पुकारत्यात, आन् लुगडं नेसलेलं माणूस उठतंय. मग समदी बघत्यात.”

रेशनकार्डावर होते, म्हणून मी ते नाव लिहिले होते. मला दुसरे काही सुचलेच नव्हते. त्या दिवशी अक्कांनी पहिल्यांदाच मागच्या दाखल्याची हकीकत सांगितली. ताप आला म्हणून त्या एका रुग्णालयात आठ दिवस होत्या. स्त्रियांच्या विभागात ठेवायचे की पुरुषांच्या, या वादात दोन तास स्ट्रेचर व्हरांड्यात उभे होते. अखेर पुरुषांच्या विभागात टाकले. नाडी पाहायलासुद्धा दोन-दोन हातमोजे चढवले जात. न विचारता एचआयव्हीची चाचणी झाली आणि निकाल सर्वांदेखत मोठ्याने सांगितला गेला. तो निगेटिव्ह होता, हा भाग वेगळा. ताप कशाचा आहे, हे विचारण्याऐवजी ऑपरेशन झाले आहे का आणि कुठे, हेच विचारले जाई. आया बेडपॅन पायाने पुढे सरकवी. “आणि आठ दिवस दाढी वाढली,” त्या म्हणाल्या. “आरसा मागितला न्हाई.”

अक्कांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वेळेवर उपचार झाले असते, तर कदाचित एखाद्या बोटावर निभावले असते. इतर रुग्णांत असा उशीर बहुधा पैशामुळे किंवा अज्ञानामुळे होतो. अक्कांना आजार समजत होता. त्यांना भीती होती ती शुश्रूषेची, आणि त्या भीतीत माझ्या दोन शब्दांची भर पडली होती.

या वेळी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी विचारले, की कोणते नाव घालू? त्यांनी सांगितलेले नाव वर लिहिले आणि नोंदीपुरते कागदोपत्री नाव खाली. विभागाच्या सिस्टरना फोन केला. त्यांनी अक्कांना विचारूनच स्त्रियांच्या विभागातील कोपऱ्याची खाट दिली. त्या सिस्टर रोज सकाळी ड्रेसिंगच्या आधी गरम पाणी आणि वस्तरा आणून देत. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी दोन दिवस तोंड फिरवून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरून कुणी आले नाही, तेव्हा त्यांचा तांब्या अक्कांच्या शिष्येने भरून ठेवला. त्यानंतर पडद्याची गरज फक्त ड्रेसिंगपुरती राहिली.

जपण्याच्या गोष्टी

सभ्यता तर हवीच, परंतु काही वैद्यकीय बाबीही ठाऊक असाव्यात. घरी किंवा रुग्णालयात पारलिंगी व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांनी त्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली बाब संप्रेरकांची. अनेक पारलिंगी स्त्रिया इस्ट्रोजेन घेतात. काही जणी तर डॉक्टरांचा सल्ला न घेता औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून घेतात. या औषधांमुळे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वय, धूम्रपान आणि अंथरुणाला खिळणे यांमुळे तो आणखी वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर तासही न दवडता डॉक्टरांना कळवावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि डॉक्टरांपासून लपवूही नयेत. त्या लपवल्या जाऊ नयेत यासाठी प्रश्न न रागावता विचारावा.

दुसरी बाब, देहात कोणता अवयव आहे आणि कोणता नाही, हे नावावरून किंवा वेशावरून ठरवू नये. पारलिंगी स्त्रीच्या शरीरात शस्त्रक्रियेनंतरही सहसा प्रोस्टेट ग्रंथी असते. उतारवयात लघवीला त्रास झाला, तर तिचा विचार करावाच लागतो. पारलिंगी पुरुषाचे गर्भाशय काढलेले नसेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी त्यालाही आवश्यक असते. अशा प्रश्नांचे कारण आधी सांगावे: “या उपचारासाठी हे कळणे गरजेचे आहे, म्हणून विचारतो.” ज्या आजारासाठी रुग्ण आला आहे, त्याच्याशी संबंध नसलेला प्रश्न विचारू नये. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालताना लिंगाची चौकशी कशासाठी?

तिसरी बाब कॅथेटरची. मूत्रमार्गाची रचना बदललेली असू शकते, तो अरुंद झालेला असू शकतो. नळी अडली तर जोर करू नये. रुग्णाला विचारावे आणि मूत्रविकारतज्ज्ञाला बोलवावे.

चौथी बाब प्रयोगशाळेच्या अहवालाची. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन यांची सामान्य पातळी स्त्री आणि पुरुष यांत वेगळी धरतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पारलिंगी पुरुषाचे हिमोग्लोबिन वाढते. म्हणून अहवालातील तारांकित आकडा पाहून घाबरण्याआधी तो औषधांच्या यादीसह डॉक्टरांना दाखवावा.

पाचवी बाब साधी, पण मोलाची. अंथरुणाला खिळलेल्या पारलिंगी स्त्रीची रोजची दाढी हा अंग पुसण्याइतकाच स्वच्छतेचा भाग समजावा. पारलिंगी पुरुष छाती घट्ट बांधणारा पट्टा वापरत असेल, तर धाप लागली असताना किंवा एक्स-रेच्या वेळी तो काढावा लागतो. कारण सांगून, आडोसा करून, त्याच्याच हातांनी काढू द्यावा. शस्त्रक्रियेपूर्वी बांगड्या, मंगळसूत्र, दर्शनमाळ उतरवताना त्या कुठे ठेवल्या आहेत हे सांगावे आणि शुद्धीवर येताच परत द्याव्यात.

आणि हातमोज्यांविषयी. रक्त आणि शरीरद्रव्ये हाताळताना हातमोजे सर्वच रुग्णांसाठी घालायचे असतात. नाडी पाहताना, कपाळाला हात लावताना ते कुणासाठीच लागत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि निकाल परस्पर उघड करता येत नाही.

हाक कशी मारावी?

अनेकांची अडचण याहून साधी असते: बोलावे कसे? आपली मराठी इथे मोठी मदत करते. ‘कसा आहेस’, ‘कशी आहेस’ यांत लिंग उघड होते. परंतु ‘तुम्ही जेवलात का?’, ‘झोप लागली का?’, ‘बरं वाटतंय का?’ या आदराच्या बोलण्यात ते कुठेच येत नाही. म्हणजे जिथे ठाऊक नाही, तिथे आदराने बोलले की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारावा: “तुम्हांला कसं बोलावलेलं आवडेल?” आमच्या कोल्हापूरकडे तर कित्येक बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात, त्यावरून त्या बाई आहेत की बुवा, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. तोंडून चुकीचा शब्द गेला, तर “चुकलं, माफ करा” एवढे म्हणून पुढे जावे. लांबलचक दिलगिरीने रुग्णालाच उलट आपली समजूत घालावी लागते.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध पारलिंगी व्यक्तीची स्थिती अधिक नाजूक असते. आपण आयुष्य कसे घडवले, हेच कधी विसरले जाते. आरशातला किंवा साडीतला देह अनोळखी वाटू शकतो. अशा वेळी वाद घालू नये, आठवण करून देण्याचा अट्टहास धरू नये. त्या दिवशी ज्या हाकेला त्यांचा चेहरा निवांत होतो, ती हाक मारावी.

कागद आधीच करून ठेवा

“जवळचे नातेवाईक कोण?” हा प्रश्न रुग्णालयात प्रत्येकाला विचारला जातो. ज्यांना घराने तरुणपणीच दूर केले, त्यांच्यासाठी तो सर्वांत कठीण असतो. गुरू, शिष्या, गुरुबहीण हेच त्यांचे कुटुंब असते, पण सहीच्या वेळी रुग्णालय रक्ताचे नाते मागते. म्हणून शुद्ध असताना, निरोगी असतानाच एका कागदावर लिहून ठेवावे: आणीबाणीत कुणाला बोलवावे, कुणाला भेटू द्यावे, कोणती औषधे चालू आहेत, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. अखेरच्या आजारातील उपचारांविषयीचे इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव त्यात लिहिता येते. ही सोय सर्वांसाठीच आहे. मुले परदेशी असलेल्या, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनीही ती जरूर करून ठेवावी.

कायदा बराच पुढे आला आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि रुग्णालयांत त्यांच्या उपचारांची योग्य व्यवस्था करण्याचे आदेश सरकारांना दिले. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवा नाकारण्यास आणि सेवा देताना अन्यायाने वागण्यास मनाई केली. प्रत्येक आस्थापनेने तक्रार निवारणासाठी अधिकारी नेमावा, असेही सांगितले. तेव्हा वाईट अनुभव आला, तर त्या अधिकाऱ्याचे नाव विचारण्याचा हक्क रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, तामिळनाडू सरकारने अन्बू रूबी या पारलिंगी स्त्रीची ग्रामीण परिचारिका म्हणून नेमणूक केली. खाटेच्या दोन्ही बाजूंना आता ही माणसे दिसू लागली आहेत, हे चांगलेच झाले. तथापि प्रत्येक तालुक्यात स्वतंत्र कक्ष होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पडदा आणि प्रश्न यांना वेगळी इमारत लागत नाही.

अक्का आता जयपूर पायावर चालतात. दर महिन्याला साखर तपासायला येतात आणि उरलेल्या पायाचा तळवा मी स्वतः पाहतो. वाचकांतील मधुमेहींनीही रोज रात्री आरसा धरून आपले तळवे पाहावेत. फोड, काळसर डाग किंवा वास आढळला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्या घटनेनंतर माझ्या दवाखान्याच्या वहीत मी एक रकाना वाढवला: ‘हाक मारायचे नाव’. तो अक्कांसाठी आखला होता. गेल्या वर्षी ७८ वर्षांच्या एक आजी रक्तदाब दाखवायला आल्या. माझ्या मदतनीस मुलीने रकान्याप्रमाणे विचारले, “आजी, हाक काय म्हणून मारू?” आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “लग्नात नाव बदललं गं माझं. साठ वर्षं झाली. माहेरचं नाव घेणारं आता कुणी राह्यलं नाही. तेच लिही.”

तिने ते लिहिले, आणि त्याच नावाने आजींना आत बोलावले.